कडक-नरम टायरांची मोहीम आणि मामांचें लोणचें

श्री अंबरेश्वर साक्ष.

उल्हास नदीचे कांठीं उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ऐशी जी त्रिस्थळी, तेथें चारचाकी बाळगणारे समस्त थोर-लहान, हप्ते फिटलेले आणि न फिटलेले, यांस जाहीर व्हावें कीं, टायरांचे कामीं जी मोहीम जाहली तिचा मजकूर जैसा घडला तैसा, पदरचें बेताचेंच घालून, येथें लिहिला असे. मिती लिहावी तर घरच्या दिनदर्शिकेवर दूधवाल्याचे खाडे मांडून तिथीचें घर काळें केलेलें, सबब इतकेंच लिहितों कीं मास वैशाख, वार रविवार, आणि ऊन ऐसें कीं कावळा तारेवर बसला तो लागलाच उठला.

तर बदलापुरीं पूर्वेस, एका सात मजली सोसायटीचे तिसरे मजल्यावर, राजश्री धर्मराजबाबा यांची गादी. बाबा जन्मभर कारखान्यांत फिटर, हल्लीं निवृत्त. नटबोल्टावांचून कोणाचा विश्वास धरीत नसत. त्यांचे चिरंजीव अभिजीतराव, वय वर्षें सत्तावीस, संगणकापुढें बसून परमुलखीच्या लोकांच्या तक्रारी शांतपणें ऐकून घेण्याची चाकरी करीत, आणि त्यामुळें घरच्या तक्रारी ऐकण्यास त्यांजपाशीं शांतता उरत नसे. दौलतींत एक पांढरी मोटार, अकरा वर्षांची, मागल्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' ऐसी अक्षरें. त्यांपैकीं आईचा आशीर्वाद गेल्या सालापासोन तहकूब होता. त्याची हकीकत ऐसी.

गेल्या सालीं आषाढ मासीं मातोश्री विठाबाईसाहेब, कैरीच्या लोणच्याची पांच किलोंची चिनी मातीची बरणी मांडीवर घेऊन, आपले बंधु हरिचंद्रमामा यांजकडे अंबरनाथीं, शिवमंदिराजवळ, निघाल्या. मामांस बहिणीचे हातचें लोणचें नसेल तर चातुर्मास गोड लागत नसे, आणि तिखटही लागत नसे. गाडी अभिजीतराव हांकीत होते. रस्ता भिजलेला, आणि टायर इतके गुळगुळीत कीं त्यांत तोंड पाहून भांग पाडावा. ते समयीं मातोश्रींनीं सहज पुसिलें, "ब्रेक नीट लागतो ना रे अभ्या?" यावर शहाण्यानें 'हो' म्हणोन गप्प राहावें. परंतु अभिजीतराव हे दाखवून देणारांपैकीं. बोलले, "हे बघ," आणि ब्रेक दाबिला.

गाडी थांबली, परंतु तेथें नव्हे. ती सावकाश, मानानें, आडवी होऊन, वरात चालावी तैसी चालत रघु रसवंतीवाल्याचे मांडवांत शिरली आणि उसाच्या मोळीस टेकोन उभी राहिली. माणूस एक दुखावला नाहीं. बरणी मात्र डॅशबोर्डावर धारातीर्थीं पडली, आणि मोहरी, मेथी, हिंग व तेल यांनीं गाडीचा जो ताबा घेतला तो आजतागायत सोडिला नाहीं. चार वेळां गाडी धुतली, तीन सुगंधी डब्या टांगिल्या. डब्यांसच लोणच्याचा वास लागला. हरिचंद्रमामा समाचारास आले, दार उघडोन वास घेतला, डोळे मिटले आणि बोलले, "विठे, यंदा साधलं होतं गं." मग वरून भाकरी मागविली, पुढल्या आसनीं बसले, काचा वर केल्या आणि नुसत्या वासावर दीड भाकरी जेवोन उठले. ऐसें जेवण त्रिस्थळींत पूर्वीं कोणी जेविलें नव्हतें.

त्याच दिवशीं मातोश्रींनीं पण केला कीं, या पोराचे गाडींत पुन्हा पाय ठेवणें नाहीं. धर्मराजबाबांनीं गाडीची किल्ली जप्त केली आणि देव्हाऱ्यांत बाळकृष्णाचे पाठीमागें ठेविली. किल्ली मोठी आणि देव लहान, सबब बाळकृष्ण वर्षभर पुढें झुकोन राहिले. बाबा दर रविवारीं किल्ली काढून गाडी सोसायटीस एक फेरी फिरवीत, बॅटरी मरूं नये म्हणोन, आणि परत ठेवीत. अभिजीतरावांस किल्लीचें दर्शन आरतीचे वेळींच घडे. त्यांची भक्ति त्या सालांत फार वाढली.

मग यंदाचा वैशाख आला, कैऱ्या आल्या, लोणचें पडलें, बरणी भरोन तिचे तोंडास पांढरा दादरा बांधोन तयार जाहली. तेव्हां बाबांनीं हुकूम सोडिला तो ऐसा: वांगणीचा एक इसम गाडी पाहोन गेला आहे, सोमवारीं पुन्हा येणार, तत्पूर्वीं तुझी आई आपले राजीखुषीनें गाडींत बसून भावाकडे गेली तर गाडी घरांत राहील, न बसली तर गाडी सोमवारीं वांगणीस जाईल. येणेंप्रमाणें सर्व राज्य एका बरणीवर येऊन ठेपलें.

अभिजीतराव मात्र गाफील नव्हते. वर्षभर किल्ली नाहीं, सबब त्यांहीं विद्या केली. रात्रंदिवस मोबाइलावर परमुलखीचे पंडित पाहिले, जे उन्हाळी टायरांची ओल्या आणि कोरड्या रस्त्यावर परीक्षा घेतात, गाडी धांवडवितात, ब्रेक मारितात आणि किती मीटरांत थांबली याचे तक्ते मांडितात. तें सर्व मुखोद्गत करून त्यांहीं बाबांपुढें अर्ज केला कीं, गेल्या सालचा पराभव हांकणाराचा नव्हे, टायरांचा होता. उन्हाळी टायर आणावे, दोन जातींचे, आणि ओल्यांत-सुक्यांत मुकाबला करून जो जिंकेल तो ठेवावा.

बाबा चहा बशींत ओतीत होते. बोलले, "उन्हाळी टायर? मग हिवाळी कुठले?"

"ते बर्फासाठी असतात, बाबा."

"बदलापुरात बर्फ रसवंतीवर मिळतो. तिथं तू जाऊन आलायस."

"आणि उन्हाळी टायर पावसात कसा चालतो तेही बघावं लागतं."

"उन्हाळी टायर पावसात? म्हणजे छत्री उन्हात आणि गॉगल पावसात." बाबांनीं बशी संपविली आणि म्हणाले, "कर काय ते. पण आई बसली पाहिजे."

हुकूम आणि दोन दिवसांपुरती किल्ली मिळतांच अभिजीतराव शनिवारीं उल्हासनगरीं, टायरबाजारांत, परसरामशेठ यांचे पेढीवर दाखल जाहले. परसरामशेठ म्हणजे टायरांचे सागर. नुसत्या थापटीवर टायराची जात आणि गिऱ्हाइकाची ऐपत सांगत. अभिजीतरावांनीं पकड, पाणी फेंकण्याच्या नाळी, रबराचें रसायन यांवर पाऊण घटका प्रवचन केलें. शेठ ऐकत राहिले, कारण दुकानांत दुसरें गिऱ्हाईक नव्हतें. मग दोन टायर पुढें लोटून बोलले, "साईं, ये कडक माल. सत्तर हजार किलोमीटर, तेरे बच्चे चलायेंगे. और ये नरम माल. पानी में मक्खन."

"मक्खन म्हणजे घसरणार?"

"अरे मक्खन मतलब बढ़िया! तुम पढ़े-लिखे लोग बहुत डरते हो, साईं."

मग करार ठरला कीं, दोन कडक आणि दोन नरम, चारही टायर एक दिवसाचे बोलीवर न्यावे; एक जोडी गाडीचे पुढल्या चाकांस चढवावी, दुसरी चाकांचे उसन्या लोखंडी डिस्कांवर बसवून डिकींत द्यावी; जी जोडी हरेल ती परत, आणि जिंकेल तिची आणखी एक जोडी घेऊन चार पुरे करावे. शर्त एकच. शेठ बोट उंच करून बोलले, "वापस आयेगा तो कोरा चाहिए. दाग नहीं, डाग नहीं. कोरा मतलब कोरा." अभिजीतरावांनीं अंबरेश्वराची शपथ वाहिली. ती शपथ कोणत्या गोष्टीनें मोडणार आहे हें त्या समयीं अंबरेश्वरासही ठाऊक नसावें.

रविवारीं सकाळीं खाशी स्वारी जांभूळचे रोखें निघाली. तेथें पाण्याच्या कारखान्यापलीकडे एका बिल्डरानें प्लॉट पाडून सरळ रस्ता केला होता. इमारत नाहीं, वस्ती एका अंगास थोडी, रणांगणास उत्तम. गाडींत बाबा आणि अभिजीतराव. आणि मागोमाग रिक्षा, त्यांत मातोश्री, शेजारीं बरणी, पायापाशीं पूजेची पिशवी. कारण मातोश्रींचा विचार ऐसा कीं, पोरगा कोठें जाऊन पडतो तें पाहावें आणि तैसेंच पुढें रिक्षानें भावाकडे जावें. रिक्षावाल्यास त्यांहीं ताकीद दिली, "दादा, त्या गाडीपासून लांब राहा. ती थांबते तिथं थांबत नाही."

रणांगणीं पोहोंचतांच मातोश्रींनीं रांगोळीची आडवी रेघ ओढून दिली. ठरलें ऐसें कीं, दुरोन ताशी चाळिसाचे वेगें यावें, रेघेवर ब्रेक दाबावा, आणि गाडी रेघेपुढें किती पावलें जाते तें बाबांनीं मोजावें. प्रथम नरम, मग कडक. पहिली परीक्षा कोरडी. अभिजीतरावांनीं वही काढिली, पेनाचें टोपण दातांत धरिलें, आणि ते परमुलखीचे पंडित जैसे उभे राहतात तैसे, एक हात टायरावर ठेवून उभे राहिले.

तों मातोश्री बोलल्या, "थांब. नवे टायर आहेत, पूजा व्हायची आहे."

नव्या वस्तूची पूजा न करतां ती वापरावी ऐसें या घराण्यांत मिक्सरचे बाबतींतही जाहलें नव्हतें. मग टायरांस हळद लागली, कुंकू लागलें, प्रत्येकाचे डोक्यावर एकेक झेंडूचें फूल बसलें. अभिजीतराव काकुळतीस येऊन बोलले, "आई, ही कोरडी परीक्षा आहे गं!" मातोश्रींनीं उलट पुसिलें, "मग मी काय पाणी ओतलं?" आणि मग पाणी ओतिलें, तांब्याभर, चाकांचे पायांवर, कारण नवीन माणूस घरांत येतांना पाय धुतोच. लिंबें चार काढिलीं, तीं रीतीनें चाकांखालीं ठेवावीं. परंतु मातोश्रींचा हिशेब निराळा. म्हणाल्या, "इथं उभ्या गाडीला काय धोका आहे? भीती कुठं आहे? रेघेपाशी. मग लिंबं रेघेपाशी, नारळही रेघेपाशीच." यांत तर्काची चूक एकाही पंडितास काढतां आली नसती. बाबांनीं रेघेवर धोंडा ठेवून नारळ फोडिला. पाणी धरण्यास भांडें आणिलें नव्हतें, तें सर्व डांबरावर पसरलें. निरांजन ओवाळितां वारा सुटला आणि तेलही थोडें सांडलें.

मग अभिजीतराव चाळिसाचे वेगें आले, रेघेवर ब्रेक दाबिला, आणि गाडी हळद, तेल, लिंबाचा रस आणि नारळाचें पाणी यांवरून नऊ पावलें पुढें जाऊन थांबली.

"नऊ," बाबा बोलले.

चाकें उतरविलीं, बाबांनीं जॅक लाविला, पाना फिरविला, कडक टायर चढविले. अभिजीतराव घाईनें गाडींत बसूं गेले तों मातोश्री दुसरा नारळ घेऊन उभ्या. "एकाला ओवाळलं आणि दुसऱ्याला नाही? रुसेल तो." पुन्हा हळद, पुन्हा तांब्या, पुन्हा चार लिंबें, पुन्हा नारळ. कडक टायरही नऊ पावलें गेले, वर अर्धी चप्पल. बाबांनीं चप्पल काढून खरेंच मोजिली. वहींत तो आकडा लिहितांना अभिजीतरावांनीं पुढें प्रश्नचिन्ह काढिलें, कारण जगांत कोणा पंडितानें कोरडी परीक्षा इतक्या ओल्यांत घेतली नव्हती.

"काही हरकत नाही," ते स्वतःस बोलले. "ओल्यात फरक दिसेल."

ओल्या परीक्षेस पाणी पाहिजे, आणि वैशाखांत आभाळ नादार. त्याचा बंदोबस्त अभिजीतरावांनीं आगाऊ केला होता. त्यांचा शाळासोबती कैलास, पाण्याचे टँकराचा धनी, त्यास बोलाविलें होतें. तो आला. दहा हजार लिटर पाणी, मागून थेंबथेंब गळत, हत्ती झुलावा तैसें झुलत आलें. कैलास खिडकींतून ओरडला, "भाई, टेन्शन नको घेऊ, तुझा रोड आज स्विमिंग पूल करून देतो!"

येथें एक गोष्ट अभिजीतरावांचे ध्यानीं यावयाची राहिली होती. वैशाखांत टँकर दिसला म्हणजे तो कोणासाठीं आला ऐसें या मुलखांत कोणी पुसत नाहीं. टँकर दिसतो, आणि लोक हंडा घेऊन निघतात.

वस्तींतून प्रथम एक बाई निघाली, मग तीन, मग बारा. हंडे, कळशा, निळीं पिंपें, एक बाळाचा टब. अग्रभागीं चांगुणाबाई, त्या वस्तीच्या सेनापति, पदर खोचलेला, हातीं हिरवी नळी. त्यांहीं टँकरास एक प्रदक्षिणा घातली आणि पुसिलें, "कुनाचा टँकर?"

"माझा आहे मावशी," अभिजीतराव बोलले. "म्हणजे रस्त्यावर टाकायचाय."

चांगुणाबाईंनीं रस्त्याकडे पाहिलें, मग अभिजीतरावांकडे, मग गाडीकडे, जिचे टायर नवरदेवासारखे पिवळे होते. "रस्त्याला पानी पाजतंय? याला काय तहान लागली?"

"टायर टेस्ट करायचे आहेत. वेट कंडिशनमध्ये."

"आमच्याकं चार दिस पानी नाय, बाला. आमची कंडिशन बघ अगोदर."

ही कंडिशन परमुलखीच्या एकाही तक्त्यांत नव्हती. अभिजीतरावांनीं बाबांकडे पाहिलें. बाबा केव्हांच नळी धरून पिंपांत पाणी सोडीत होते आणि ओळ लावा म्हणोन ओरडत होते. मातोश्रींकडे पाहिलें, मातोश्री एका लेकुरवाळीचा हंडा तिचे डोक्यावर चढवून देत होत्या. कैलास टपावर बसोन म्हणाला, "भाई, मी काय करणार? हे दिसतंय ना तुला, हा मॉब आहे." मग अभिजीतरावांनीं वही खिशांत घातली, टोपण दातांतून काढिलें आणि बाळाचा टब उचलिला. वीस मिनिटांत टँकर रिता जाहला. रस्त्यावर जें सांडलें तें डांबरानें तेथल्या तेथें पिऊन टाकिलें. ओली परीक्षा खडखडीत कोरड्यांत बुडाली. कैलास पुन्हा टँकर भरावयास गेला, कारण त्यास पुढें अंबरनाथचा एक फेरा होता, आणि त्यास उशीर अभिजीतरावांनींच केला होता.

आतां हरलेली जोडी कोणती हेंच ठरेना. तेव्हां अभिजीतरावांनीं चारही टायरांचीं छायाचित्रें काढून परसरामशेठ यांस पाठविलीं आणि नम्रपणें पुसिलें कीं, परीक्षा अनिर्णित जाहली, तर कोणतीही एक जोडी परत घ्याल काय? शेठांचा आवाज मोबाइलांतून सर्व वस्तीस ऐकूं गेला: "अरे साईं! हल्दी लग गई, कुंकू लग गया, नींबू भी हो गया! हल्दी लगा हुआ दूल्हा कोई वापस लेता है क्या? मुबारक हो. दोनों जोड़ी अब तुम्हारे घर की."

वस्तींत हशा जाहला. चांगुणाबाई बोलल्या, "शेट खरा बोलला." बाबांनीं जॅक पुन्हा काढिला आणि नरम जोडी मागल्या चाकांस चढविली, पुढें कडक, मागें नरम. म्हणाले, "घरचेच आहेत तर चालू देत." मग हात पुसून, फार शांतपणें, पंजा पुढें केला. किल्लीसाठीं.

अभिजीतराव किल्ली हातांत घेऊन उभे राहिले. वर्षभराची विद्या, दोन नारळ, आठ लिंबें, दहा हजार लिटर पाणी खर्ची पडलें, आणि वांगणीचा इसम उद्यां दहास येणार. ते हळूच बोलले, "टायरांचं काही नव्हतं बाबा. गेल्या वर्षी मीच उगाच दाबला. आईला दाखवायला."

हें वाक्य त्यांहीं दहा महिन्यांत प्रथमच उच्चारिलें. मातोश्री रिक्षाकडे निघाल्या होत्या, त्या थांबल्या. मग परत आल्या, बरणी दोन्ही हातीं घेऊन, आणि रांगोळीच्या रेघेपासोन एक हात पुढें, भर रस्त्यांत, ती ठेविली. म्हणाल्या, "ये आता. ही फुटली तर गाडी उद्या वांगणीला, आणि माझ्या पुढं टायर हा शब्द काढायचा नाही."

"कोरड्यात थांबेल गं आई. खरी मजा ओल्यात असते," अभिजीतराव बोलले, कारण खोड जात नाहीं.

"ओलं पायजे होय?" चांगुणाबाई पुढें जाहल्या. "पिन्याचं नाय देनार. धुन्याचं घे." आणि टँकराचें पाणी येतांच ज्या बायांनीं चार दिवसांचें धुणें काढिलें होतें, त्यांहीं साबणाचें पाणी बादल्या-बादल्यांनीं आणून बरणीचे अलीकडे ओतिलें. अकरा बादल्या. फेंस घोट्याइतका. परमुलखीचे पंडित ओल्यास भितात. साबणास कसें भ्यावें हें त्यांस कोणी शिकविलेंच नाहीं.

मग अभिजीतराव दूर जाऊन गाडी वळवून आले. समोर रस्ता, रस्त्यावर फेंस, फेंसापलीकडे बरणी, पांढरा दादरा बांधलेली, जशी एखादी म्हातारी पदर घेऊन एस्टीची वाट पाहात बसावी. तिचेपलीकडे आई. अभिजीतरावांचा उजवा पाय चाळिसाकडे निघाला, तिसावर विचारांत पडला, विसावर नरमला, आणि बारावर स्थिर जाहला. ताशी बारा. गाडी फेंसांत शिरली, चाकांनीं बुडबुडे काढिले, एक कोंबडी तिला ओलांडून पुढें गेली, आणि मग, ब्रेक असा दाबिला कीं जैसें झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालावें, गाडी रेघेचे अलीकडेच थांबली.

समस्त वस्ती पुढें सरकली.

बाबा बोलले, "ताशी बारा. याच्यापेक्षा म्हैस जोरात जाते."

"थांबली ना?" मातोश्रींनीं पुसिलें.

"थांबली."

"मग?"

मातोश्रींनीं बरणी उचलिली, रिक्षावाल्यास हात करून वाटेस लाविलें, गाडीचें पुढलें दार उघडिलें, नाकास पदर लावून बोलल्या, "गेल्या वर्षी मीठ जरा जास्तच झालं होतं," आणि बसल्या. चांगुणाबाईंनीं शिट्टी मारिली. ऐसी शिट्टी त्यांस येते हें त्यांचे वस्तीसही नवीन होतें.

स्वारी अंबरनाथचे रस्त्यास लागली. पुढें मातोश्री, मांडीवर बरणी, एक हात बरणीवर आणि एक खिडकीवरल्या दांडीस, ओठांत रामरक्षा. मागें बाबा, उजवा पाय तळाशीं दाबून, जेथें त्यांचे मतें एक ब्रेक असावयास हवा होता. वारा लागला, रात्रभर बरणीची निगा करून जागलेल्या मातोश्रींची रामरक्षा मंद जाहली, आणि दांडीवरला हात निसटोन मांडीवर आला. अभिजीतरावांनीं तिकडे पाहिलें नाहीं. पाहण्याचें धाडस जाहलें नाहीं.

रघुची रसवंती जवळ आली. रघुनें गाडी दुरोन ओळखिली, बाकडें आंत ओढिलें, उसाची मोळी कवटाळोन उभा राहिला. आणि नेमका पुढें कैलासाचा टँकर, भरोन निघालेला, मागून सवयीप्रमाणें गळत, सर्व रस्ता काळाशार भिजवीत चाललेला. अभिजीतराव त्यामागें अंतर राखून, ताशी तिसावर. तोंच एक म्हैस रस्त्यांत उतरली, टँकर जागींच थांबला, आणि त्याचे मागील फळीवरची अक्षरें, 'पाणी वाचवा', ऐसीं वेगें मोठीं होऊं लागलीं.

तोच रस्ता, तितकाच भिजलेला, तीच रसवंती. अभिजीतरावांनीं ब्रेक दाबिला. दाखविण्यास नव्हे, पाहणारें कोणी नव्हतेंच. कडक टायरांनीं पुढें धरिलें, नरम टायरांनीं मागें सांभाळिलें, गाडी सरळ गेली, सरळ थांबली, आणि टँकरामध्यें आणि बॉनेटामध्यें एक माणूस आरामानें उभा राहील इतकी जागा उरली. बरणींतलें तेल दादऱ्यास लागलें देखील नाहीं. ओल्या रस्त्यावरील ही खरी परीक्षा. हिचीं पावलें कोणीं मोजिलीं नाहींत, वहींत आकडा नाहीं.

मातोश्री जागच्या हलल्या नाहींत. त्यांची मान खिडकीस टेकली होती आणि त्या घोरत होत्या.

बाबांनीं मागून पुढें वाकोन तें पाहिलें. मग आपला उजवा पाय वर घेऊन मांडी घातली. रघुनें मोळी सोडून दिली.

शिवमंदिराजवळ हरिचंद्रमामांचे दारीं गाडी उभी राहिली तेव्हां मातोश्री जाग्या जाहल्या आणि बोलल्या, "आलं का? कळलंच नाही." हें वाक्य अभिजीतरावांनीं मनांत कोरोन ठेविलें. मामांनीं बरणी दोन्ही हातीं घेतली, दादरा सोडून वास घेतला, डोळे मिटले. आणि मग भाकरीचें ताट घेऊन, कोणी कांहीं बोलण्याआधीं, गाडींत जाऊन बसले. "इथं जास्त चव लागते," ऐसें त्यांहीं काच वर करतां करतां सांगितलें.

अभिजीतरावांनीं किल्ली काढून बाबांपुढें धरिली. बाबांनीं तिजकडे पाहिलें, घेतली नाहीं. म्हणाले, "राहू दे तुझ्याकडं. बाळकृष्ण वर्षभर पुढं झुकलाय. त्याला जरा सरळ बसू दे."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. वांगणीच्या इसमास निरोप गेला कीं, गाडी विकणें नाहीं. कडक श्रेष्ठ कीं नरम श्रेष्ठ याचा निवाडा जाहला नाहीं आणि होणेंही नाहीं, कारण दोघांसही एकाच घरची हळद लागली आहे. रणांत खर्ची पडलें तें: नारळ दोन, लिंबें आठ, झेंडूचीं फुलें चार, साबणाचें पाणी अकरा बादल्या. हस्तगत जाहलें तें: किल्ली एक, आणि जांभूळ ते अंबरनाथ मातोश्रींची झोप, अखंड. मोहिमेची वही मामांनीं भाकरीखालीं धरिली, तिजवर तेलाचा डाग पडला आहे. तोच या मजकुराचा शिक्का समजावा.